शशीचं दिवज

शशी गेल्याची बातमी मला जत्रेच्या ग्रुपवर कळली. मी साखळीला लेकीकडे होते. सकाळचा चहा घेता घेता मोबाईल उघडला, तर एकाखाली एक 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि प्रत्येकीखाली पूर्ण नाव, वाड्यासकट! ती नावं वाचताना तळपायाची आग मस्तकात गेली. काही आठवडे झाले, अजून ती शमलेली नाही.

शशी माझी शेजारीण. एकाच वर्षी लग्न होऊन आम्ही दोघी पेडण्याकडच्या या गावात आलो. ती तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, मोठ्याने हसायची, भांडायची त्याहून मोठ्याने. आमच्या जत्रेत बायका दिवजं धरतात; पाच वातींचा मातीचा दिवा हातात घेऊन देवळाभोवती फेरे घालतात. पण सवाष्णींनीच. नवरा गेला तेव्हापासून शशी खांबाला टेकून उभी राहायची आणि माझी वात विझायला आली की तिथूनच ओरडायची, "गो, तेल घाल, पालवतलां!"

देवळाच्या बैठकीत मानकरी बोलतात, बाकीचे माना डोलावतात. बायका मागे, चटईवर. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी समितीने मोबाईलवर सूचनांचं एक पान उघडलं, लिहिणाऱ्याचं नाव न दिसणारं, तेव्हा काय धबधबा लागला! तळीच्या पायऱ्यांवर दिवा लावा, बायकांसाठी संडास बांधा, नाटक वेळेवर सुरू करा… जन्मात तोंड न उघडलेल्या बायका लिहीत होत्या, एकीच्या सूचनेत दुसरी भर घालत होती. त्यात एक सूचना होती, 'नवरा गेलेल्यांनाही दिवज धरू द्या.' शशीने ती माझ्या ओसरीवर बसून, माझाच चष्मा लावून लिहिली होती. खाली होकारांची रांग लागली. ती रोज येऊन बघायची. "बघ गो, आनी एकटीन हो म्हटलां. कोण आसतली?"

आणि मग अध्यक्षांना बुद्धी सुचली. उत्तम सूचनेला चांदीची समई, व्यासपीठावर शाल! अर्थात नाव घालूनच. "बक्षीस ठेवलां म्हणजे लोक आपणान उलयतले," म्हणाले. उलयले ना, आपणहून बोलले! कमान, ड्रोन, सेल्फी पॉइंट… जो तो आपलंच घोडं पुढे दामटू लागला. दुसऱ्याच्या सूचनेला हो म्हणायला कुणी तयार होईना, समई त्याच्या घरी गेली तर? आणि शशीच्या सूचनेखाली समितीची एक ओळ आली, 'निनावी सूचना रद्द समजाव्यात.'

मी तिला म्हटलं, "घाल नाव. खाली माझां घालतंय."

"माका समई नको गो, माका दिवज जाय," ती म्हणाली. "आता नाव घातलां तर म्हणतले, समयेखातीर केलां."

शेवटी मीच माझ्या नावाने तीच सूचना लिहिली. उत्तर आलं, 'तुम्ही सवाष्ण, तुमचा काय संबंध?' होकार देणाऱ्या त्या सगळ्या बाया-बाप्यांपैकी एकही नाव पुढे आलं नाही. एकही! समई सेल्फी पॉइंटला मिळाली. त्या जत्रेत शशी खांबापाशी उभी होती, पण माझी वात फडफडली तरी ओरडली नाही.

कारखान्याच्या बसमधून उतरताना ती कोसळली आणि गेली. तेव्हा मात्र गावाला आपापली नावं आठवली. होकार देताना लपलेली माणसं दुखवटा द्यायला रांगेने पुढे आली. ह्याला मी लाज नसणं म्हणते, दुसरा शब्द मला येत नाही.

तिच्या सुनेने परवा तिचं दिवज मला आणून दिलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, एका कडेला काजळी अजून तशीच. मी ते पुसलं नाही. यंदा माझं दिवज घरी राहील, फेऱ्यात मी हेच धरणार आहे. कुणाचं, म्हणून कुणीतरी विचारीलच. मी नाव सांगेन… त्या खांबापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आडनावासकट.