बंद केलेली चाचणी

चाचणी फेल झाली की ताई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायच्या. हात मोकळे राहिले की माणूस न वाचताच काहीतरी बदलत सुटतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्यापैकी कुणी "ताई, फिर फेल हो गया" म्हणत आलं की त्या स्क्रीनकडे मान वळवून एवढंच विचारायच्या, "लॉग वाचलास?" चाचणी कुठे अडली याची ती नोंद आम्ही वाचलेली नसायची.

देवासच्या आमच्या छोट्या कंपनीत दवाखान्यातल्या फ्रिजवर लक्ष ठेवणारा एक डबा बनायचा. लसी, इंजेक्शनं ठेवलेला फ्रिज गरम झाला की डब्यावरचा हिरवा दिवा लाल व्हायचा. डब्यात लिनक्स ही संगणकप्रणाली होती. त्यातलं प्रत्येक पॅकेज, म्हणजे एकेका कामाचा प्रोग्रॅम, आम्ही मूळ सोर्सवरून तयार करायचो आणि शेवटी त्याच्या चाचण्या चालवायचो. ते सगळं काम ताईंच्या हाताखाली. त्या मूळच्या धारच्या. आमची मराठी अर्धी हिंदी, त्यांची मात्र आजीच्या तोंडून उतरलेली.

एकदा माझी एक चाचणी काही केल्या पास होईना. कुलूपबंद फाइलीत लिहायला गेल्यावर नकार मिळायला हवा, तो मिळतच नव्हता. ताई हसल्या. "रूट होऊन चालवतोयस ना? मालकाला घरात कोण अडवणार? साधा माणूस होऊन चालव." तसं केलं आणि पास झाली. त्या दिवशी कचोऱ्या मी आणल्या.

मग ती चाचणी आली. आकडेमोडीच्या एका पॅकेजमधली, अगदी किरकोळ वाटणारी. सेन्सरकडून आकडाच आला नाही तर ते ओळखता येतं का, एवढंच ती तपासायची. ती फेल होत होती. ताईंनी कारण शोधून काढलं. ग्राहकाला डबा चपळ दिसावा म्हणून कंपनीच्या साहेबांनी स्वतः कंपायलरला, म्हणजे सोर्सपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला, एक पर्याय दिला होता. त्याने हिशेब वेगाने व्हायचे, पण 'आकडा नाही' ही गोष्टच डब्याला कळेनाशी व्हायची. सेन्सरची तार निघाली तरी दिवा हिरवाच राहणार होता.

ताईंनी सगळ्यांसमोर हे सांगितलं. साहेबांना तेच झोंबलं असावं.

"ताई, एक टेस्ट फेल झाली तर काय पहाड तुटतो का? तार निघते कुठे?"

"निघाली तर आपण काय सांगणार?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी ती चाचणी स्वतः बंद केली. डबे गेले.

बाग नावाच्या गावाजवळच्या एका खासगी दवाखान्यात तार निघाली. पुढे फ्रिजही बंद पडला आणि दिवा हिरवाच राहिला. लसी वाया गेल्या. डब्याच्या नोंदीत एकही धोक्याची सूचना नव्हती, म्हणून फ्रिज ठीकच होता असं ठरलं. मग राहिली तिथली नर्स. तीच बाटल्या बाहेर विसरली असणार. तिला काढलं.

ताईंनी हे ऐकलं आणि कुणालाही न विचारता बस धरून त्या बागला गेल्या. दवाखान्याच्या मालकाला त्यांनी सगळं समजावलं. त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले की बाईंचं कंपनीशी भांडण चालू आहे, लक्ष देऊ नका. ताई परतल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर दुसरं कुणी बसलं होतं.

नंतर आम्ही तो पर्याय काढला, चाचणी पुन्हा सुरू केली, नवे डबे पाठवले. साहेबांनी मिठाई वाटली. ती मीही खाल्ली.

ताई पुन्हा भेटल्या त्या धारच्या बसस्टँडवर. केस पिकले होते. आता एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतात म्हणाल्या. मी उत्साहाने सांगितलं की आता सगळ्या चाचण्या पास होतात, तुम्ही म्हणाला होतात तेच कारण निघालं.

त्यांनी ऐकून घेतलं.

"त्या नर्सबाईंना कुणी कळवलं का?"

मी बसच्या पाट्या वाचू लागलो. इंदूरची बस लागली. ताईंनी पिशवी उचलली, "येते" म्हणाल्या आणि गर्दीतून वाट काढत आत चढल्या. माझ्या बाजूची खिडकीची जागा मोकळी होती. त्या पलीकडच्या बाजूला बसल्या.