ढोरायचा पिच्चर, आणि त्यात नसलेला सीन

सगळ्यात आधी रफीकभाईंचं नाव लिहिते. बोरी अरबचे रफीकभाई, व्हिडिओवाले. माझी माय आज जिवंत आहे ती त्यांच्यामुळे. त्यांना स्वतःला हे अर्धंच पटतं, ते का तेही सांगते. पण नाव आधी, कारण लिहिणं लांबलं की लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत.

मी सातवीपर्यंत शिकलेली आहे, चुका सांभाळून घ्या. पुण्यात एका आजोबांना सांभाळायचं काम करते, चोवीस तासांचं. ते दुपारी झोपले की या ग्रुपवर तुमचे अनुभव वाचते. लिहायची हिंमत कधी झाली नाही. पण परवा इथे कोणीतरी त्या जुन्या इंग्रजी पिक्चरची टर उडवली — जनावरं माणसांवर उलटतात तो. रबराचा कावळा, झोपाळू गाई वगैरे. खाली बरेच जण हसले... मला लागलं ते. म्हणून लिहिते.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. घरात देव्हारा नाही, अंगात येणं नाही. लहानपणी तिठ्यावरच्या उताऱ्यातला नारळ उचलून खाल्लेला आहे मी, आणि काही झालं नाही. तेव्हा भित्री समजू नका.

आमचं गाव बोरी अरबपासून चार किलोमीटर, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ. कापसाची ती वाईट वर्षं होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं, चांगल्या कारणासाठी कधीच नाही. अळी मरत नव्हती, म्हणून औषधावर औषध मारणं चालू होतं. बाप मी लहान असतानाच गेला. माय रोजाने जायची, मी घर आणि दोन शेळ्या बघायची. तेव्हा मी एकोणीस वर्षांची.

बाजाराच्या दिवशी रफीकभाई एका रिकाम्या गोदामात टीव्ही लावायचे. दुपारचा शो बायांसाठी. पिक्चर इंग्रजी असला की ते टीव्हीशेजारी स्टुलावर बसून वऱ्हाडीत सांगत जायचे. याला ते 'ढोरायचा पिच्चर' म्हणायचे. खरं नाव आम्हाला माहीतच नव्हतं.

"हे डॉक्टरीण हाय. शहरातून आली. हिले लोकं पसंद नाही, ढोरं पसंद हाय." डॉक्टरीण फोन उचलायची, की लगेच — "हॅलो, तहसीलदार साहेब हायेत का? जेवाले गेले? बरं. आले का सांगा, गावातले ढोरं पागल झाले."

बाया हसून बेजार. माझी माय मागून म्हणाली, "काहो रफीकभाई, तिकडचा तहसीलदारबी जेवालेच गेलेला राह्यते काय?"

"कमलाबाई, तहसीलदार कुठचाबी असो, जेवालेच गेलेला राह्यते."

पण थोड्या वेळाने हसणं थांबलं. त्या पिक्चरमधली जनावरं सुरुवातीला अंगावर येतच नाहीत. नुसती येऊन उभी राहतात. म्युझिक बंद होतं. गाय चारा खाता खाता थांबते, मान वर करते आणि बघते. बस. तुम्हाला त्यात झोप आली, पण ज्याने जनावर पाळलंय त्याला विचारा. जी गाय रोज माझ्याकडे न बघता खाते, तिने एक दिवस खाणं थांबवून माझ्याकडे बघितलं, तर मी पाऊल मागे घेते. कावळा रबराचा आहे, मान्य. गाई खऱ्या आहेत. आणि जनावरं अशी का वागली ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. तुम्ही म्हणता स्टोरी अपुरी आहे. माझ्या मते तीच त्याची ताकद आहे.

एक सीन मला लख्ख आठवतो. डॉक्टरीण दार लावून आत बसली आहे. बाहेर गाय, बकऱ्या, कुत्रं, एका ओळीत. ती कुऱ्हाड उचलते. तेवढ्यात रफीकभाई बोलले — चेष्टेत नाही, घरातल्या पोरीला समजवावं तसं, हळू — "भिऊ नको वं बाई. अंगावर नाही येऊन राह्यले. बोलवाले आले. दार उघड, मांगं मांगं जाय." ती दार उघडते, जनावरं वळतात, ती मागे जाते. शेतात निळ्या झग्यातली एक बाई पडलेली असते... मग पुढे परत मारामारी सुरू.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीच, पोळा झाल्यावर, ते घडलं. पाऊस उघडलेला, वारा अजिबात नाही, कपाशी खांद्याएवढी. माय पाटलाच्या वावरात फवारणीवाल्यांना पाणी पुरवायला गेली होती. दुपारचे बारा-साडेबारा. मी घरात डाळ निवडत होते.

एकदम बाहेरचा आवाज बंद झाला. कोंबड्या नाहीत, काही नाही. दारात येऊन बघते तर अंगणात शेजारच्या गुलाबकाकाची काळी गाय. तिच्या बाजूला माझ्या दोन्ही शेळ्या, ज्या मी सकाळी खुंट्याला बांधल्या होत्या. गल्लीतलं लंगडं कुत्रं शेळीच्या अंगाला लागून बसलेलं, आणि शेळी हलत नव्हती. कुडावर कावळे. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी दार लावलं, कडी घातली, विळा हातात घेतला. हाका मारून उपयोग नव्हता, गाव सगळं वावरात. दाराच्या फटीतून गाईचा श्वास ऐकू येत होता. तिने कपाळ दाराला टेकवलं — धडक नाही, नुसतं टेकवलं, आपण झोपलेल्याच्या खांद्याला हात लावतो तसं.

तेव्हा मला रफीकभाईंचं ते बोलणं आठवलं. आठवलं म्हणते, पण खरं तर ऐकू आलं. भिऊ नको वं बाई... बोलवाले आले.

मी दार उघडलं. गाय वळली. शेळ्या वळल्या. मी मागे. नाल्याजवळ माझी चप्पल चिखलात रुतली तर गाय थांबली, मी चप्पल काढेपर्यंत. पाटलाच्या तुरीला लागून गेलो आम्ही, आणि माझ्या शेळ्यांनी एका पानाला तोंड लावलं नाही. शेळ्या पाळणाऱ्या कोणालाही विचारा हे होतं का.

माय कपाशीच्या दोन ओळींच्या मधे पडली होती. तोंडाला फेस, अंगावरचं लुगडं औषधाने ओलं. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दिसलीच नसती, कपाशी तेवढी उंच. फवारणीवाले पार दुसऱ्या टोकाला जेवायला बसले होते. त्यांना वाटलं ती घरी गेली.

मी ओढत बाहेर आणलं, लुगडं फेडून माझी ओढणी गुंडाळली, ड्रममधल्या साध्या पाण्याने अंग धुतलं. माझं ओरडणं ऐकून फवारणीवाले धावत आले, त्यांच्यातला एक जण गाडी बघायला रस्त्याकडे पळाला. रस्त्यावर मिळाले कोण, तर रफीकभाई, आपल्या लोडिंग ऑटोत टीव्ही घेऊन दुसऱ्या गावाला निघालेले. त्यांनी तो टीव्ही — घरातली एकुलती एक कमाईची वस्तू — उतरवून पुलाच्या कठड्यापाशी ठेवला, तिथेच सोडला, आणि मायला आत घेतलं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यापर्यंत सारखे मागे वळून बोलत होते. "कमलाबाई, झोपू नका. तहसीलदार जेवून आले आता. तुमचीच वाट पाहून राह्यले."

माय हसली नाही, पण पापणी हलली. तेवढ्यावर मी यवतमाळ गाठलं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. नवव्या दिवशी माय घरी आली. काठीसारखी झाली होती, पण आली.

गुलाबकाकाच्या पाया पडायला गेले, तुमच्या गाईने वाचवलं म्हणून. ते म्हणाले, "माही गाय? ते त त्या दिवशी कोठ्यात बांधेल होती वं. मी घरीच होतो, ताप आलता मले. हाललीबी नाही जाग्यावरून."

मग रफीकभाईंकडे गेले. म्हटलं, भाई, तुमच्या त्या डायलॉगमुळे दार उघडलं मी. तो दरवाजाचा सीन...

"कोणता सीन?"

मी सांगितला. ते म्हणाले, "पोरी, असा सीनच नाही त्याच्यात."

"हाय न भाई. निळ्या झग्याची बाई."

त्यांनी डिस्क लावली. आम्ही दोघांनी सगळा पिक्चर बघितला. डॉक्टरीण दार लावते, कुऱ्हाड घेते, आणि तिथून सरळ मारामारी. मधे काही नाही. त्यांनी मागे-पुढे करून तीनदा दाखवलं.

मग त्यांनी कबूल केलं की त्यांना इंग्रजी येत नाही. "चेहरे पाहून बोलतो मी. अंदाजपंचे. झूठ बोलतो पोट्टे, रोज बोलतो. पर हे मी बोललो नाही. बोललो असतो त कबूल केलं असतं न."

"मंग आवाज तुमचा कसा व्हता?"

त्यांनी डिस्क शर्टाला पुसून कव्हरमध्ये ठेवली.

आता सगळ्यात विचित्र गोष्ट. मी हे मायला तोवर सांगितलं नव्हतं. तिला फक्त विचारलं, तो ढोरायचा पिच्चर आठवते का. ती म्हणाली, "हाव. ते निळ्या झग्याची बाई वावरात पडते, तोच न? मले तेव्हाच वाटलं, बिचारीचं कोणी येते का नाही."

इथल्या आजोबांच्या नातवाने मागच्या वर्षी लॅपटॉपवर तो पिक्चर शोधून दिला. आजोबांना आणि मला दोघांनाही आवडला. सीन नव्हता. काहींच्या मते अशा पिक्चरच्या दोन-दोन कॉप्या असतात. असतीलही. पण डिस्क तीच होती. मला उलगडा झालेला नाही, आता होईल असंही वाटत नाही. एवढंच वाटतं, की ज्या पिक्चरला तुम्ही हसलात त्यात कुठेतरी जागा मोकळी सोडलेली आहे, आणि आम्हा मायलेकींना त्या जागेत काहीतरी दिसलं.

रफीकभाईंना आता शुगर आहे, एक डोळा गेला. बेगम वारल्या, मुलगी दिग्रसला दिलेली. मागच्या आठवड्यात फोनवर मी त्यांना सांगितलं, भाई, मी इथे दुसऱ्यांच्या बापाला आंघोळ घालते, भरवते, रात्रीचं उठवते-बसवते. ते सगळं हाताला येतं आता.

ते हसले. "म्हंजे मी बिमार पडाची वाट पाहून राह्यली काय?"

नाही भाई. पडू नका. पण कधी अंथरुणाला लागलात, तर दिग्रसच्या आधी मला फोन करा. हे काम सुटलं तरी चालेल. मी येईन, आणि तुमचं सगळं मी करीन.