पोळ्याच्या दिवशी हाताची तपासणी

लकवा माझ्या डाव्या अंगावरून गेला. जीभ वाचली. दवाखान्यातून वालूरला घरी आणलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "देवाची कृपा, बोलता तरी येतंय," आणि मालकांकडं बघितलं. मालक सामान घेऊन आत गेले.

पाय हळूहळू चालायला लागला, ओढत का होईना. हात मात्र मूठ आवळून बसला, बोटं तळव्यात रुतलेली. डावा हात काय काय करत होता ते मला तेव्हा कळलं. निऱ्या घालायच्या तर तो लागतो, पीठ मळताना परात धरायला तो लागतो. वेणी मालक घालायला लागले. जन्मभर दोरखंड वळलेला माणूस, वेणीही तशीच वळायचे. "डोकं दुखायलंय," म्हणलं तर म्हणायचे, "सैल केली तर सुटंल."

सकाळी चहाच्या आधी हाताची मालिश. तेल कोमट करून आणायचं, एकेक बोट उकलून तळवा पुसायचा, खांद्यापासून मनगटापर्यंत चोळायचं, हे सगळं मालक मुकाट्यानं करायचे. शेवटी म्हणायचे, "आता उघड." मी उघडायला बघायची. घाम फुटायचा, मूठ होती तशीच. "मन लावून कर." मी मन लावायची. "तू मनच लावीनास," म्हणून ते उठायचे.

वर्षभर हे ऐकलं. लंगडं म्हणलेलं मला चालतं, लंगडी आहेच मी. पण बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत कापूस वेचलेल्या बाईला अंगचोर म्हणलं की तिचं डोकं फिरतं. बरं, करतेय हे दाखवायचं कसं? मूठ उघडत नव्हती, आणि आत मी काय करतेय ते बाहेरून दिसत नव्हतं.

परभणीला जिथं माझा व्यायाम चालायचा, तिथल्या डॉक्टर बाईंनी एक दिवस सांगितलं की हातासाठी एक यंत्र येणार आहे. पट्ट्यांनी हातावर बांधायचं, त्याला मोटार असते. कातडीवर चकत्या टेकवतात. स्नायूनं नुसता प्रयत्न केला तरी आत बारीकशी वीज तयार होते, ती चकत्यांना कळते आणि बोटं हलवायचं पुढचं काम मोटार करते. आधी ती वीज पडद्यावर रेघेसारखी उमटते का ते बघणार. प्रयत्न केल्यावर रेघ वर उठली, तर यंत्रावर नंबर लागणार. नाही उठली तर घरी.

"म्हंजे खरं-खोटं कळंल," मालक म्हणाले.

"कळू द्या एकदाचं," मी म्हणलं.

तारीख मिळाली ती नेमकी पोळ्याची. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. मालकांनी बैल धुऊन आणले, जू जिथं टेकतं तिथं पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असं बैलांना म्हणून झालं. वाटीत थोडं लोणी उरलं. उरलेलं वाया घालवणारा हा माणूस नाही. ओसरीवर येऊन माझा हात मांडीवर घेतला आणि वरपासून खालपर्यंत लावून टाकलं. "उद्या परभणीला या," म्हणाले, हाताला. मला हसू आलं. मालक वर्षाकाठी एखादवेळा हसवतात, म्हणून मी नको म्हणलं नाही. सकाळी निघताना त्यांनी वरून तेलही चोळलं.

पोळ्याच्या दिवशी बैल भावाच्या हवाली करून बायकोला घेऊन निघालेला माणूस आमच्या गावानं कधी बघितला नव्हता. स्टँडवर दोघा-तिघांनी हळू आवाजात विचारलं, कोण वारलं.

यंत्र घेऊन आलेली पोरगी पुण्याकडची होती. तिनं माझी बाही वर केली आणि विचारलं, "काकू, हे पिवळं काय आहे?"

"खांदेमळणी," मालकांनी सांगितलं. तिला काही उमगलं नाही.

तिनं कापसानं पुसलं, चकत्या टेकवल्या. त्या घसरल्या. पुन्हा टेकवून पट्टा आवळला. "मूठ उघडायचा प्रयत्न करा." मी केला. पडद्यावर रेघ सपाट. "अजून करा." पुन्हा सपाट. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं.

पोरगी म्हणाली, "तेलकट कातडीवरून काही कळत नाहीये. हात साबणानं धुऊन या, मग बघू."

"त्या तेलानंच हात जित्ता ऱ्हायलाय," मालक म्हणाले.

"असेल काका. पण धुवा."

मागं नळ होता. मालकांनी भांड्याचा साबण मागून आणला आणि काथ्यानं माझा हात घासायला घेतला, बैलाची पाठ घासावी तसा.

"दुखायलंय का?"

"कळंना."

"मंग घासतो."

मला तिथं एकदम भीती वाटली. धुतल्यावरही रेघ उठली नाही तर? मग लोण्याचं निमित्त राहणार नव्हतं. मी म्हणलं, "अवं, न्हाई उठली तर तुमी जन्मभर म्हणत बसाल, ही मनच लावीना."

त्यांनी नळ बंद केला. पदर घेऊन माझा हात कोरडा केला.

दुसऱ्यांदा चकत्या चिकटल्या. "उघडा," पोरगी म्हणाली. मी रोज सकाळी करते तेच केलं, रतीभर जास्त नाही. मूठ तशीच बंद राहिली, आणि पडद्यावर रेघ उठली. मी सोडलं, ती खाली आली.

"स्नायू काम करतोय, काकू. जोर फक्त बोटांपर्यंत पोचत नाही." तिनं यंत्र बांधलं. मोटार घुरघुरली आणि माझी बोटं उघडली, अगदी सावकाश. मालकांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते पडद्याकडं बघत होते.

"अजून एकदा कर."

केलं. रेघ उठली.

"रोज एवढंच करीत व्हतीस?"

"रोज."

मला रडू आलं, ते हातासाठी नव्हतं. पोरगी मालकांना यंत्र कसं बांधायचं ते समजावायला लागली. ते म्हणाले, "यंत्राचं ऱ्हाऊ द्या, बाई. ही रेघ कागदावर काडून देता येती का?"

"येईल की. कशाला हवी?"

"घरी दावायचीय. सगळ्यांला सांगून बसलोय, ही करीना म्हणून."