न्हाणीतलं घासलेट

महायुद्धाचा काळ होता. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते, प्रकाशा या तीर्थाच्या गावाजवळच्या आमच्या खेड्यात. गावात किराण्याचं दुकान एकच, माझ्या वडिलांचं, आप्पांचं. कंट्रोलचं, घरटी ठरल्या मापानं द्यायचं घासलेटही तिथूनच वाटलं जाई.

न्हाणीतल्या पाण्याच्या बंबात लाकडं पेटवली की धूर थेट बाळंतिणीच्या खोलीत यायचा. बाळ ठसकलं की आप्पांचा जीव वरखाली होई. शेवटी त्यांनी बंबाखाली घासलेटचा बर्नर बसवायचं मनावर घेतलं. तो शहाद्याहून आणला. रिकाम्या डब्याला खाली तोटी बसवून न्हाणीच्या भिंतीवर उंच फळीवर ठेवला आणि तिथून तांब्याची बारीक नळी बर्नरपर्यंत आणली. पहिल्या दिवशी तेल उतरेचना. नळी मध्ये वर उचलली गेली होती, तिथं हवा अडली होती. आप्पांनी ती सोडवून सरळ उताराला लावली, घासलेट मलमलीतून गाळून डब्यात ओतलं. मग निळा जाळ लागला. आप्पा दारातून म्हणाले, "बेटी, आते धूर नही."

मला फार बरं वाटलं. तेल कुठून आलं हे माझ्या मनातही आलं नाही.

अंग चोळायला येणारी सुईण गावाच्या त्या टोकाला आणखी एका बाळंतिणीकडे जाई. त्या बाळंतिणीचा नवरा सालदार होता, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा. एके सकाळी माझ्या पाठीला तेल लावता लावता सुईण म्हणाली, "तठे दिवा नही, बेटी. अंधारामा चाचपी चाचपी पोरले पाजस ती."

"का? घासलेट भेटनं नही?"

"भेटनं ना. पन बाटलीना तळले, इतलंच."  पलीकडे बर्नर घुमत होता. ते पाणी माझ्यासाठीच तापत होतं. पाठीवरचा तिचा हात मला सोसवेना.

दुपारी मी आप्पांना विचारलं.

"तिन्हा वाटा तिले भेटी गया," ते म्हणाले.

"आणि आपला घरना वाटा कितला शे, आप्पा?"

ते उठून दुकानात निघून गेले. तेव्हा मला उमगलं. प्रत्येकाच्या मापातून थोडं थोडं राखून तो डबा भरला होता. माझ्या लाडक्या, देवभोळ्या आप्पांनी.

संध्याकाळी सुईण आली तेव्हा आप्पांनी सालदाराच्या बायकोसाठी तोटीखाली बाटली धरून भरली आणि तिच्या हाती दिली. मला वाटलं, चला, मिटलं.

सकाळी सुईण तीच बाटली घेऊन परत आली. भरलेलीच. आप्पा घरापुढच्या दुकानाच्या ओट्यावर बसले होते, दोनचार गिऱ्हाइकं उभी होती. तिनं ती त्यांच्यासमोर ठेवली.

"तिनी सांगं, दान नको. मन्हा वाटा शे तो मापमा द्या. सगळासले द्या."

कोणी हसलं नाही की रागावलं नाही. गिऱ्हाइकं जमिनीकडे बघत राहिली. मी दाराआड बाळाला घेऊन उभी होते. जिथं मी न्हाले-माखले त्या घराच्या उंबऱ्यावर मला तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

आप्पा उठले. त्यांनी न्हाणीतली नळी सोडवली, डबा फळीवरून उतरवून ओट्यावर आणला आणि घरोघर निरोप धाडला. बायका बाटल्या घेऊन आल्या. आप्पा माप भरत गेले. थोडं ओट्यावर सांडलं. सालदाराच्या घरून तो स्वतः आला, आपलं माप घेतलं आणि रामराम न करता गेला. एरवी तो वाकून रामराम करी.

दुसऱ्या दिवशी बंबाखाली लाकडं पेटली. सुईण नेहमीसारखी आली, तेल कोमट केलं. मी तिच्याकडे न बघता विचारलं, "ती कशी शे?"

"बरी शे," ती म्हणाली. "तू पालथी हो."

सव्वा महिना झाल्यावर मी सासरी निघाले. आप्पा वेशीपर्यंत बैलगाडीबरोबर चालत आले. वाटेत भेटलेल्या कोणाशीच ते बोलले नाहीत, आणि मीही पदर कपाळावर ओढून घेतला होता.