मला पाटावरून उतरवलं तिने

लोक माझ्या पाया पडत होते तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि कित्येक दिवस धड झोपले नव्हते. हे मी भक्तीने लिहीत नाही, संतापाने लिहिते आहे. देवीवर माझी श्रद्धा तेव्हाही होती, आजही आहे. राग आहे तो तिचं नाव घेऊन मला पाटावर बसवणाऱ्यांचा. आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं थोडा तिचाही होता, की डोळ्यांदेखत हे सगळं तिने चालू कसं दिलं.

आमचं घर मखमलाबादकडचं, फुलशेतीवर चालणारं. आई, अप्पा म्हणजे माझे वडील, त्यांचे थोरले भाऊ नाना आणि मी. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या श्रावणात माझी झोप उडाली. मग कानाशी एका बाईचा आवाज बोलायला लागला. आधी अधूनमधून, नंतर दिवसभर. ताटात काहीतरी कालवलंय असं तो सांगायचा, म्हणून मी जेवण टाकलं. घरच्यांना वाटलं, पोरीने यंदा नवरात्राचे उपास कडक धरलेत. एका संध्याकाळी गल्लीतल्या आरतीत ढोल वाजत असताना मी किंचाळले, थरथरत खाली बसले आणि तो आवाज जे सांगत होता ते मोठ्याने बोलत सुटले. "देवी आली," कुणीतरी म्हणालं. नानांनी पुढे होऊन माझ्या कपाळावर मळवट भरला. झालं, त्या क्षणापासून माझं नाव गेलं.

घरात पोर आजारी आहे हे सांगायला माणसांना लाज वाटते. घरात देवी आली हे सांगताना मात्र छाती फुगते. नाना चावडीवर बसायचे ते मधोमध बसू लागले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मला ओसरीत पाटावर बसवायचे आणि रांग पार रस्त्यापर्यंत जायची. नवऱ्याची दारू सुटेल का, मुलीचं जमेल का, शेजाऱ्याने काही करणी केली आहे का, असे एकेक प्रश्न. माझ्या तोंडून जे निघेल ते नाना समजावून सांगायचे. एका तरुण आईने तापलेलं बाळ माझ्या पायावर घातलं आणि विचारलं, डॉक्टर सुई टोचायची म्हणतोय, टोचू का? आवाज नको म्हणाला. मी नको म्हणाले. ती नमस्कार करून निघून गेली. त्या बाळाचं पुढे काय झालं, मला आजवर कळलेलं नाही. शिकलेली-सवरलेली माणसं होती त्या रांगेत, माझ्या कॉलेजातल्या एक बाईसुद्धा होत्या. माझे ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले, अंगावर ब्लाऊज लोंबत होता. ते सगळ्यांना दिसत होतं. पण त्यालाही सगळे तेजच म्हणायचे.

एका शुक्रवारी रांगेतून एक बाई पुढे आली. पन्नाशीची असावी, नऊवारी, हातात खण-नारळ, टाचांना खोल भेगा. नामपूरकडची, इथे लेकीकडे आलेली, असं तिने मागच्या बाईला सांगितल्याचं नंतर कळलं. पायावर डोकं ठेवायला ती वाकली, पण तिने डोकं ठेवलं नाही. माझं पाऊल हातात धरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच, जणू आम्ही दोघीच बसलोय अशा आवाजात म्हणाली, "बेटा, तुले झोप लागस का?"

इतक्या दिवसांत मला माझ्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. कानातला आवाज ओरडत होता, हिला काही सांगू नकोस. मी मान हलवली, नाही, आणि हुंदके देऊन रडायला लागले.

नाना पुढे सरसावले. "देवी कोपली! मावशी, काय बोललात तुम्ही?"

ती उभी राहिली. आवाज चढवला नाही. "देवी नाय, पोर रडते तुमची. मना पोऱ्याले बी असंच व्हयनं व्हतं. दवाई शे याले." तिच्या मुलालाही हेच झालं होतं, आणि याला औषध होतं.

"ओ मावशी, इथं दवाई नका सांगू. लोक खोळंबलेत."

ती आणलेला नारळ तसाच घेऊन निघाली. माझी आई, जी तोवर दाराआड उभी राहून सगळं नुसतं बघत असे, पदर सावरत तिच्यामागे धावली. गल्लीच्या टोकाला त्या दोघी किती वेळ बोलल्या कोण जाणे. आई परत आली ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी नानांना म्हणाली, "हिला घेऊन काळारामाला जाऊन येते." आयुष्यात पहिल्यांदा ती नानांशी खोटं बोलली असावी.

त्या बाईने आईला सांगितलेली जागा पंचवटीत होती, एका धर्मादाय दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. मनाच्या आजाराची तरुण मुलं तिथे येतात हे कळलं तर वस्तीतले लोक जागा खाली करायला लावतील, म्हणून पाटी लावत नसत. मला पाटावर बसवलं तर रस्त्यापर्यंत रांग, आणि जिथे फुकट उपचार मिळत होते तिथे पाटीची चोरी! आमच्या समाजाबद्दल आणखी काय लिहू? दारात एक निवृत्त नर्स होत्या, सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी वहीत लिहायला माझं नाव विचारलं. मला ते सांगायला बराच वेळ लागला. त्या पेन धरून थांबल्या, आईने सांगायला तोंड उघडलं तर तिला हातानेच थांबवलं.

डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, एक पैसा घेत नसत. सगळं ऐकून त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि किती दिवसांनी फरक दिसेल, काय त्रास होईल, हेही मला सांगितलं. आईला नाही, मला. "मग देवीचं काय?" आईने घाबरत विचारलं. ते म्हणाले, "आई, देवीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण आजाराबद्दल आहे. तो मला बघू द्या."

घरी गोळ्यांची पुडी सापडल्यावर नानांनी आकाशपाताळ एक केलं. "घरात आलेल्या देवीला गोळ्या घालून हाकलता? लोकांना मी काय सांगू?" नानांपुढे कधी ब्र न काढणारे अप्पा फुलांच्या पाट्या बांधत होते. सुतळी खाली टाकून ते उठले. "नाना, देवीला जायचं असंल तर जाऊ द्या. मला माझी पोरगी पाहिजे." एवढंच बोलले. पुढच्या मंगळवारी पाट आत गेला.

आवाज एका दिवसात गेला नाही. अंग जड व्हायचं, हात कापायचे, दोनदा मी गोळ्या मधेच सोडल्या आणि पुन्हा खड्ड्यात पडले. दोन्ही वेळा ताई स्वतः लूनावर घरी आल्या. त्या खोल्यांत आम्ही आठ-दहा जण जमायचो. एक इंजिनिअरिंग सोडलेला होता, एक नुकती लग्न मोडून आलेली. मी त्यांना गजरे गुंफायला शिकवलं. कुणाला काय काय ऐकू येतं यावर आम्ही चक्क हसायचो. तसं हसणं मला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. कारण बाहेर, माझ्या पायाचं तीर्थ घेतलेल्या बायका आता मला बघून मुलांना आत ओढायच्या. पाटावर होते तोवर मी देवी, खाली उतरले की वेडी. त्या दोन्हींच्या मधे एक मुलगी होती, ती कुणाला नको होती.

आईने नामपूरच्या त्या बाईला खूप शोधलं. तिची लेक राहते ती गल्ली शोधली, घरं विचारली, पत्ता लागला नाही. आई म्हणते, देवीच आली होती. मी वाद घालत नाही. मला तिच्या हातांना येणारा कांद्याचा वास आठवतो, आणि हेही आठवतं की ती काहीतरी विचारायला रांगेत उभी होती. स्वतःचं काही न विचारताच गेली.

पुढे मी बी.ए. पूर्ण केलं. ताई थकल्यावर वही मी सांभाळू लागले. गोळी आजही घेते. आधी वाटायचं, शरण जाणं म्हणजे स्वतःला विसरून जाणं. तसं विसरलेली मी पाटावर बसले होते आणि तिथे देवी नव्हती. शरण जाणं मला कळलं ते मदतीचा हात धरू दिला तेव्हा.

बरं वाटू लागल्यावर पहिल्या चैत्रात आई मला सप्तशृंगीच्या गडावर घेऊन गेली. आम्ही पायऱ्या चढत होतो. ढोल वाजत होते, पुढे एका बाईच्या अंगात आलं होतं आणि लोक तिच्या पायाशी गर्दी करत होते. मला तो आवाज पुन्हा येईल या भीतीने मी आईचा दंड घट्ट धरला. आवाज आला नाही. मी गर्दीतून वाट काढत त्या बाईजवळ गेले, शेजारी बसले, तिला पाणी पाजलं आणि तिचं नाव विचारलं.

तिने सांगितलं. मग मी आईसोबत वर गेले आणि हात जोडले.