पाहुण्याचा हात

धानाच्या ताज्या तणसाचा वास आला की मला दिघोरीजवळचं आमचं लहानसं चर्च आठवतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कापणीच्या सणाला अमेरिकेतले एक उपदेशक येणार म्हणून माझ्या वडिलांनी, म्हणजे तिथल्या पाळकांनी, जमिनीवर तणस पसरून वर सतरंज्या अंथरल्या होत्या. मी नागपूरला नर्सिंग शिकत होते, म्हणून पाहुण्यांचं बोलणं मराठीत सांगायला मी उभी होते. जीपमधून उतरलेले पाहुणे काळे निघाले आणि मंडळीत कुजबुज सुरू झाली. उपदेशानंतर त्यांनी आजाऱ्यांना प्रार्थनेसाठी पुढे बोलावलं. आदल्या वर्षी गोऱ्या साहेबांचा हात डोक्यावर पडावा म्हणून दाराबाहेर रांग गेली होती. त्या दिवशी कोणी उठेना. तापलेलं लेकरू घेऊन एक बाई उठली, तर सासूने तिचा पदर ओढला. "काहून जातेस? लेकरू भेईल ना त्याले! गोरा साहेब आला का जाजो." ती काय म्हणाली, असं पाहुण्यांनी विचारलं. मी सांगितलं. "आमच्याकडे हे गोऱ्यांच्या चर्चमध्ये ऐकलंय," एवढंच ते म्हणाले आणि त्या लेकरासाठी एकटेच गुडघ्यांवर बसले. वडील मंडळीकडे वळले. "गावच्या विहिरीवर तुमाले पाणी भरू देत नव्हते, विसरले का?" तरी कोणी हललं नाही. आज तिथल्या भिंतीवर त्या गोऱ्या साहेबांचा फोटो आहे. परवा मी म्हाताऱ्यांना त्या पाहुण्यांचं नाव विचारलं. असा कोणी आलाच नव्हता, म्हणाले.