ऑपरेशनआधीची उपकारस्तुती

काळजी करण्याच्या कामात आमच्या समोरच्या दारातल्या काकांचा हात धरेल असा माणूस अख्ख्या पुणे शहरात सापडायचा नाही, आणि सापडलाच, तर त्या बिचाऱ्याचं पुढे कसं होणार ह्याची काळजी काका करत बसतील. कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर आहे. मी लग्न होऊन ह्या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं होतं, "बाळ, तुमच्या गॅसची नळी शेवटची कधी बदलली?" काका ख्रिस्ती आहेत, आणि नुसते नाताळाला केक वाटण्यापुरते नाहीत. दर रविवारी चर्चला, बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला, आणि रोज सकाळी उठल्याबरोबर गुडघ्यांवर. देवावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. गॅसच्या शेगडीवर नाही, दाराच्या कुलपावर नाही आणि लिफ्टवर तर मुळीच नाही. "सगळा भार प्रभूवर टाकला की माणूस मोकळा होतो गं," असं ते मला पायऱ्या उतरता उतरता सांगतात आणि वाक्य संपायच्या आत कुलूप ओढून बघायला परत वर जातात.

ह्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. पिंपरीकडच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर तपासणी खात्यात नोकरी केली. वरून गुळगुळीत, चकचकीत दिसणाऱ्या लोखंडी भागाला आतून कुठे केसाएवढा तडा गेलाय का, हे शोधायचं. निवृत्त झाल्यावर लोखंड मागे राहिलं, नजर घरी आली. खडकवासला धरणातून नदीत पाणी सोडल्याची बातमी आली की नदीकाठचे लोक सामान बांधतात. काका तिसऱ्या मजल्यावर बांधतात. एकदा मी म्हटलं, "काका, पाणी इथवर आलं तर पुणंच उरणार नाही." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी." एकदा त्यांच्याबरोबर रिक्षात बसायची वेळ आली. बसल्याबरोबर त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागले. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि मला विचारलं, "आजोबांना चक्कर आलीय का?" काकांनी डोळे उघडून सांगितलं, "चक्कर नाही, तुमच्या ब्रेकसाठी प्रार्थना केली." रिक्षावाला अस्सल पेठेतला. म्हणाला, "बरं झालं. मग आता ब्रेक तुमच्याकडे, मी नुसता हॉर्न बघतो."

आजाऱ्याला भेटायला जाणं हा तर त्यांचा धर्मच, आणि तिथे मात्र त्यांच्यापासून देवानंच वाचवावं. गेल्या वर्षी पाय मुरगळून मी घरात पडले होते. काका संत्री घेऊन आले, खुर्ची ओढून बसले, माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागले. त्यांची प्रार्थना फार सविस्तर असते. देवाला मोघम सांगितलेलं त्यांना पटत नाही. "हे प्रभू, हिच्या पायात रक्ताची गुठळी होऊ देऊ नकोस, झालीच तर ती फुप्फुसाकडे जाऊ देऊ नकोस," इथून त्यांनी सुरुवात केली आणि मला जी दुखणी माहीतही नव्हती त्या सगळ्यांपासून माझं संरक्षण मागितलं. प्रार्थना संपेपर्यंत मला घाम फुटला होता. अशा वेळी धावून येतात त्या काकू. काकांची प्रार्थना लांबली की काकू योग्य जागा बघून आपल्या बाजूने ठणठणीत "आमेन" म्हणून टाकतात. मग काकांना थांबावंच लागतं. जेवणाआधीच्या प्रार्थनेनंतरही त्यांच्या घरी पोळी गरम मिळते ती केवळ ह्या आमेनमुळे.

काकू म्हणजे अगदी उलट माणूस. काळजीचं सगळं खातं नवऱ्याकडे दिल्यामुळे त्या कायम निवांत. त्यामुळे ह्या पावसाळ्यानंतर त्यांच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा मला ती बातमी सांगताना त्यांनी दुधाची पिशवी हातातून खालीसुद्धा ठेवली नाही. "गाठ आहे म्हणतात. चांगली की वाईट ते काढल्यावर कळेल. सोमवारी ऑपरेशन. तू ह्यांच्याकडे जरा बघ, माझं मी बघीन." मी काकांकडे बघितलं. काकांनी एकही शंका काढली नाही. डॉक्टरांचं नाव काढून तीन लोकांकडे चौकशी नाही, भूल देणाऱ्याच्या शिक्षणाचा तपास नाही. कुलूपसुद्धा एकदाच लावून खाली उतरले. इतकी वर्षं त्यांच्या काळजीला हसले, पण ती थांबल्यावर मला झोप लागेना. टपटपणारा नळ एकदम बंद झाल्यावर होतं, तसं काहीतरी झालं.

आणि मग कळलं की काकांनी उपकारस्तुती ठेवली आहे. ही त्यांच्या चर्चच्या मंडळीतली जुनी रीत. एखाद्या घरावरचं संकट टळलं, आजारी माणूस बरा झाला, की ते कुटुंब पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आणि मंडळीला घरी बोलावतं. गाणी होतात, ज्याच्यावर संकट आलं होतं तो उभा राहून साक्ष देतो, म्हणजे मी कसा अडकलो होतो आणि देवानं मला कसं सोडवलं ते सगळ्यांसमोर सांगतो, आणि मग चहा-चिवडा. हे सगळं संकट टळल्यावर करायचं असतं. काकांनी ते ठेवलं ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी. मी काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मीही विचारलं. म्हणाले, खुर्च्या सांगून झाल्या." माझा नवरा म्हणाला, घाबरून त्यांचा वारांचा गोंधळ झाला असेल. मला वेगळीच भीती वाटली. वाटलं, आधीच जाहीर आभार मानून काका देवाला शब्दात अडकवू बघताहेत. आणि सोमवारी देवानं शब्द पाळला नाही, तर ह्या माणसाकडे उरणार काय?

शनिवारी व्हायचं तेच झालं. आधीच्या रविवारी चर्चमध्ये नुसतं जाहीर झालं होतं, की अमुक घरी शनिवारी उपकारस्तुती आहे. उपकारस्तुती म्हटल्यावर मंडळीनं रीतसर समजून घेतलं की ऑपरेशन झालं, बाई सुखरूप घरी आल्या. माणसं त्यांच्या रीतीप्रमाणे "सलाम, सलाम" करत आनंदानं जिना चढून आली. कुणी शहाळी आणली, कुणी सूप. दारात काकू स्वतःच ट्रे घेऊन उभ्या. एक बाई त्यांच्या हातातला ट्रे काढून घेत म्हणाल्या, "अहो, टाके ओले असतील अजून, बसा बघू." काकू म्हणाल्या, "टाके सोमवारी आहेत. चहा आज आहे, घ्या." बाईंना काही कळेना. दुसरे एक गृहस्थ, "चेहऱ्यावर कसं तेज आलंय बघा बरं झाल्यावर," असं म्हणून गेले आणि खरी गोष्ट कळल्यावर सबंध वेळ चिवड्याच्या बशीकडे बघत बसले. हळूहळू खोलीभर कुजबुज पसरली आणि मग तीही थांबली. पाळकसाहेब तरुण, नवीनच आलेले. त्यांनी काकांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आपण हिला प्रार्थना-सभा म्हणू या का? म्हणजे ऑपरेशनसाठी विनंती करू." काका म्हणाले, "नको साहेब. विनंती नको. उपकारस्तुतीच."

गाणी झाली. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. काका साक्ष द्यायला उभे राहिले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाले, "साक्ष कशी द्यायची ते मला माहीत आहे. आधी संकट सांगायचं, मग सुटका. माझ्याकडे सुटका नाही. सोमवारी काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि मला फार भीती वाटते. भीती वाटते म्हणून माझा विश्वास गेला असं कुणी समजू नका. दोन्ही एकाच घरात राहतात, इतकी वर्षं राहताहेत." कुणीतरी हलकंसं हसलं. काकांना ते ऐकू आलं नसावं. "इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे, आमचा मुलगा लहानपणीच गेला. दवाखान्यात असताना मी रात्रंदिवस मागत होतो. तो गेला आणि माझं देवाशी बोलणंच तुटलं. दोन वर्षं मी ह्या चर्चची पायरी चढलो नाही. पुढे कधीतरी लक्षात आलं, की तो घरात होता ती सगळी वर्षं त्यानं आम्हांला हसवलं, त्याचे आभार मी कधी मानलेच नाहीत. आधी मागण्यात राहिलो, मग भांडण्यात. म्हणून ह्या वेळी मी आधी आभार मानतोय. ती बरी होणार म्हणून नाही. ती आहे म्हणून. चाळीस वर्षं माझ्यासारख्या माणसाबरोबर तिनं काढली, आणि हे ऐकायला ती आत्ता इथे बसली आहे."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकू मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभ्याच होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "बसलेली नाही मी, उभी आहे," त्या म्हणाल्या, "आणि हे घरात एकदा सांगितलं असतं तरी चाललं असतं, एवढ्या खुर्च्या लागल्या नसत्या." तेव्हा कुठे सगळे हसले, आणि हसता हसता अर्धे रडले. त्यांत मीही होते, हे सांगायला हरकत नाही.

सोमवारी सकाळी काकूंना आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर काका आणि मी, दोघंच. काका सुरुवातीला पंख्याकडे बघत होते. मग ते उठून बंद दारापर्यंत गेले, परत येऊन बसले आणि पुन्हा उठले. मला ते बघवेना. ह्या माणसानं ब्रेकसाठी आणि माझ्या मुरगळलेल्या पायासाठी प्रार्थना केली होती. मी म्हटलं, "काका, आता तरी मागा ना काहीतरी." ते मान हलवत राहिले. "धाडस होत नाही गं. एकदा मागून बघितलंय. शनिवारी आभार मानले तेवढी माझी ताकद होती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू माग. तुझं तिथे आजवर एकही मागणं थकलेलं नाही."

मी घरच्या गणपतीपुढे संकष्टीला हात जोडते, तेही सासूबाईंचा शब्द मोडायचा नाही म्हणून. कुणाला हाक मारायची, कुठून सुरुवात करायची, मला काही माहीत नव्हतं. पण काकांनी डोळे मिटून मान खाली घातली होती आणि ते वाट बघत होते. मग मी त्यांचा हात धरला आणि हळू आवाजात म्हटलं, "काकूंना राहू दे. ह्यांना एकट्यानं राहता येणार नाही." पुढे काही सुचेना, म्हणून थांबले. काका म्हणाले, "आमेन."

दुपारी सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी पेशंटचे नातेवाईक कोण म्हणून विचारलं. काकांना उठता येईना, म्हणून मीच गेले. काकू शुद्धीवर येत होत्या. ओठ कोरडे पडले होते, डोळे धड उघडत नव्हते. त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "ह्यांनी सकाळपासून काही खाल्लं का?" मी बाहेर येऊन काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बाकाच्या कडेला डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे रडले.

गाठ चांगली नव्हती. आता उपचार चालू आहेत. काकूंचे केस गेलेत, सकाळी त्या डोक्याला रुमाल बांधून गॅलरीत उन्हात बसतात, आणि कधी बोलतात, कधी नुसत्याच बसून असतात. डॉक्टर होही म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. ज्या दिवशी दोघं उपचाराला जातात, त्या दिवशी मी कामाला बसण्याआधी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून तीच दोन वाक्यं म्हणते. ती कुणापुढे म्हणते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. परवा काकांना मी हे सांगितलं. म्हटलं, पत्ताच नाही माझ्या मागण्यावर, चालतं का असं? काकांनी गॅलरीतल्या काकूंकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणत राहा. मला अजून मागायला जमत नाहीये."